एकरभर धान्याचा आधार

चातुर्मासात अनेक जैन घरांत हिरव्या भाज्या वर्ज्य होतात आणि ताटाचा भार तूर, मूग, उडीद, मटकी यांवर येतो. ही सारी कमी पाण्यावर येणारी मराठवाड्याची जुनी पिके. तरी छत्रपती संभाजीनगरच्या आसपासचे बहुतेक शिवार आज कापूस व मक्याने व्यापले आहे. नगदी पिकातून पैसा येतो हे खरे. परंतु पाऊस हुकला की उत्पन्नही जाते आणि खायचे धान्यही विकत घ्यावे लागते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरील परदेशी लाल मिलोच्या भाकरी खाल्लेली पिढी अजून हयात आहे. शेतकऱ्याच्या घरी धान्य आणि हाती पैसा नसला, तर तालुक्याच्या गावातील दुकानाची उधारीही थकते.

या अडचणीवर मराठवाड्यातील महिलांनीच एक वाट काढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने लातूर-धाराशिव भागातील महिलांना पुनर्बांधणीच्या कामात संघटित केले. पुढे त्यातूनच ‘एक एकर’ शेतीची पद्धत उभी राहिली. कुटुंबाच्या जमिनीतील अर्धा-एक एकर गृहिणीच्या हाती येतो. त्यात ती धान्ये, कडधान्ये व भाजीपाला मिश्र पद्धतीने, सेंद्रिय खतावर घेते. आधी घरासाठी, उरले ते बाजारासाठी. एक पीक बुडाले तरी दुसरे तारते. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कार्यास ‘इक्वेटर पुरस्कार’ दिला.

व्यापाऱ्याच्या भाषेत ही जोखमीची विभागणी होय. तिला बचत गटाची जोड मिळाली की बियाण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांपासून बँक-जोडणीचा प्रयोग आरंभिला, तेव्हा तारण होते ते सभासदांच्या परस्पर विश्वासाचेच.

कच्चा दुवा राहतो तो विक्रीचा. दोन-चार पोती माल मोंढ्यात नेण्याचा खर्च परवडत नाही आणि सुगीत भावही उतरलेले असतात. येथे व्यापारी कुटुंबांचे कौशल्य उपयोगी पडू शकते. दहा कुटुंबांनी वर्षाच्या डाळी-ज्वारीची मागणी एकत्र करावी, जवळच्या बचत गटाशी भाव ठरवावा व थोडी रक्कम आगाऊ द्यावी. तीर्थक्षेत्रांच्या भोजनशाळांनाही हे सहज शक्य आहे. माल कधी कमी-अधिक प्रतीचा येईल, भाव गिरणीच्या डाळीहून चढाही असेल. म्हणून नमुना पाहावा, वजन चोख घ्यावे आणि पैसे वेळेवर द्यावेत.

हे दान नव्हे, व्यवहार आहे. दान प्रसंगापुरते असते. चोख व्यवहार वर्षानुवर्षे चालतो आणि दोन्ही बाजूंचा मान राखतो. तत्त्वार्थसूत्रातील परस्परोपग्रहाचे तत्त्व आचरणात आणण्याचा हाही एक मार्ग आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास मागणी नोंदविली, तर मृगाच्या पेरणीपूर्वी त्या गृहिणीला आपला एकर कशासाठी राखायचा हे ठरविता येईल.