हुर्यो आणि यजमानधर्म

मुंबईच्या वानखेडे मैदानावर १ एप्रिल २०२४ रोजी हार्दिक पंड्या नाणेफेकीसाठी आला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. मुंबई संघाचे कर्णधारपद रोहित शर्माकडून काढून त्याच्याकडे सोपविले गेले होते, एवढाच त्याचा अपराध. समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्याविषयी जाहीरपणे बजावावे लागले. पुढे तीन महिन्यांनी, ४ जुलै रोजी, विश्वचषक जिंकून आलेला भारतीय संघ त्याच मैदानावर उतरला आणि त्याच सज्जांतून त्याच पंड्याच्या नावाचा जयघोष झाला. मधल्या काळात घडले होते ते इतकेच, की २९ जूनच्या अंतिम सामन्यातील अखेरचे षटक पंड्याने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला.

या प्रसंगाकडे गंमत म्हणून पाहता येईल. परंतु जी नापसंती एका षटकाने पुसली जाते, ती मुळात विचारपूर्वक व्यक्त झालेली नव्हती, हे उघड आहे. आणि आपल्याच खेळाडूच्या वाट्याला जर हे येत असेल, तर परदेशातून पाहुणा म्हणून आलेल्या खेळाडूचे काय? त्याला तर आपल्यासाठी सामना जिंकून आपली मर्जी पुन्हा संपादन करण्याचीही सोय नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा पाहुणा खेळाडू आहे.

वानखेडेचाच दाखला पुढे नेऊ. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला असताना अँड्र्यू सायमंड्स या खेळाडूला उद्देशून प्रथम बडोद्यास आणि नंतर १७ तारखेस मुंबईस माकडाचे आवाज व हावभाव करण्यात आले. असे काही घडलेच नाही, असे म्हणण्याकडे आरंभी आपल्याकडील अनेकांचा कल होता. मुंबईतील प्रेक्षकांची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर नाकारण्यास जागा उरली नाही. चार प्रेक्षकांना बाहेर काढून त्यांच्यावर पोलिसांनी कारवाई केली. याउलट जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या मैदानावर मोहम्मद सिराजने प्रेक्षकांच्या शेरेबाजीविरुद्ध पंचांकडे तक्रार केली, खेळ काही मिनिटे थांबला आणि सहाजणांना बाहेर काढण्यात आले. भारतीय खेळाडूंचा वांशिक अपमान झाल्याचे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने पुढे चौकशीअंती मान्य केले. त्या वेळी आपण सारे संतापलो आणि तो संताप रास्तच होता. प्रश्न एवढाच, की सिडनीला लावलेले माप आपण बडोद्याला व मुंबईला लावतो काय?

अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून मुंबई-सिडनीची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मिळाले. जिल्ह्यातील एका ठिकाणी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने होते. पाहुण्या संघातील चढाई करणारा एक मुलगा फार चपळ होता. त्याने आमचे दोन गडी टिपताच त्याच्या काळ्या रंगावरून आणि त्याच्या बोलण्याच्या ढबीवरून आरडाओरडा सुरू झाला. हळूहळू तो मुलगा मधली रेषा ओलांडताना बिचकू लागला. सामना आम्ही जिंकलो. ओरडणाऱ्यांत सर्वांत पुढे होते ते माझ्याच वर्गातील विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी मी विचारले, तेव्हा एकजण अगदी निरागसपणे म्हणाला, "सर, ते तर बाहेरचे होते."

हीच मुले पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेसाठी किंवा नोकरीसाठी पुण्यास जातात. तेथे त्यांच्या बोलण्याला लोक हसतात, खोली देताना गाव विचारून तोंड वाकडे करतात. दिवाळीत घरी आली की हे सारे दुखावल्या स्वरात मला सांगतात. 'बाहेरचा' असणे म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या मुलाला कोणी शिकविण्याची गरज नाही. तरीही मैदानाच्या कडेला उभा राहिला की तो ते विसरतो. हे विसरणे कशाने घडते, याचा विचार केला पाहिजे.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक असल्याने माझ्या विषयातील एक मुद्दा येथे मांडतो. बाजारपेठेत प्रत्येक दुकानदाराला शेजारचे दुकान बंद पडावेसे वाटते, कारण स्पर्धक नाहीसा झाला की सारे गिऱ्हाईक आपले. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली दाखवून दिले, की खेळाच्या व्यवसायात हा नियम उलटा होतो. त्याने उदाहरण घेतले ते मुष्टियोद्धा ज्यो लुईस याचे. लुईसला कमाई करावयाची तर त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी हवा. मॅक्स श्मेलिंगने १९३६ साली त्याला हरविले होते, म्हणूनच १९३८ साली त्यांची फेरलढत पाहण्यास न्यूयॉर्कमध्ये सुमारे सत्तर हजार लोक लोटले. श्मेलिंग नसता तर लुईसची ताकद कोणाच्या कामाची? थोडक्यात, खेळ नावाची वस्तू एकटा संघ निर्माण करूच शकत नाही. ती दोघे मिळून निर्माण करतात, आणि आपण तिकीट काढतो ते त्या दोघांच्या झुंजीचे.

नीलने हे प्रबंधात मांडले. आपल्या खेड्यांना ते जत्रेच्या फडात केव्हाचेच कळलेले होते. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा घ्या किंवा कोणत्याही गावची जत्रा घ्या, कुस्त्यांच्या दंगलीत सर्वांत कठीण काम असते ते 'जोड' लावण्याचे. गावचा पहिलवान कितीही बलदंड असो, त्याच्यापुढे पोरसवदा गडी उभा केला तर प्रेक्षक उठून जातात. म्हणून गाव स्वतः वर्गणी काढून दूरचा नावाजलेला पहिलवान बोलावते, त्याची उतरण्याची व जेवणाची व्यवस्था करते, आणि इनाम त्याच्याही आवाक्यात ठेवते. आपल्या पहिलवानाला पाडू शकेल असा माणूस गाव पैसे देऊन आणते. यात अर्थशास्त्र आहे आणि यजमानधर्मही आहे. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम दोघांत वाटले जाते, ते याच जाणिवेतून.

नव्या मुंबईत २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तो दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून. पण त्या संध्याकाळी सर्वांचा श्वास अडकला होता तो कर्णधार लॉरा वूलव्हार्ट खेळपट्टीवर ठाण मांडून होती म्हणून. तिने शतक केले. ती बाद झाल्यावर जो सुटकेचा निःश्वास आपण टाकला, त्याची किंमत तिच्या शतकाने ठरविली होती. ती आल्या पावली परतली असती, तर त्या विजयाची चव निम्मीच राहिली असती.

आता आक्षेपाकडे वळू. प्रेक्षक म्हणतो, मी पैसे मोजले आहेत, ओरडण्याचा मला हक्क आहे. हा हक्क मी मोठ्या अंशी मान्य करतो. मैदान म्हणजे वाचनालय नव्हे. आपल्या संघाचा जयघोष करावा, निर्णय चुकीचा वाटल्यास नापसंती दाखवावी, रडीच्या खेळाचा निषेधही करावा. परंतु तिकिटाने आसन मिळते, पाहुण्याचा रंग, धर्म वा भाषा विकत मिळत नाही. गिऱ्हाईक आणि यजमान यांतील हा भेद आपण विसरत चाललो आहोत. गिऱ्हाइकाला वाटते, मालाने आपल्याला खूश केलेच पाहिजे; म्हणूनच अहमदाबादेत १९ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलिया विश्वविजेती ठरली, तेव्हा नव्वद हजारांनी भरलेल्या मैदानातील बरीच आसने पारितोषिक देण्याच्या वेळेस रिकामी झाली होती. यजमान मात्र पाहुणा निघेपर्यंत दारात उभा असतो.

शिवाय समूहात लाजेची वाटणी होते. एकट्याने रस्त्यात कोणाला माकड म्हणण्याचे धाडस न करणारा गृहस्थ तीस हजारांत ते सहज करतो, कारण त्याच्या वाट्याला येणारी लाज तीस हजारांत विभागली जाते आणि बदनामी सगळ्या शहराच्या खात्यावर पडते. लाभ आपला आणि भुर्दंड सर्वांचा, अशी ही व्यवस्था आहे.

तथापि सारा दोष प्रेक्षकांच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. १ जानेवारी १९६७ रोजी कलकत्त्यास वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीत दंगल उसळली, ती आसनांपेक्षा जास्त तिकिटे खपविली गेली म्हणून. १९७५ च्या जानेवारीत वानखेडेवरील पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडचे द्विशतक झाल्यावर एक तरुण प्रेक्षक त्याचे अभिनंदन करण्यास मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली आणि मग प्रेक्षक भडकले. लक्षात घ्या, ही दंगल पाहुण्याच्या द्वेषातून झालेली नव्हती. पाहुण्याचे कौतुक करणाऱ्याला मारले म्हणून झाली होती. ज्या मैदानाच्या आरंभी ही स्मृती आहे, त्याच मैदानाची खेळपट्टी १९९१ साली पाकिस्तानचा संघ येऊ नये म्हणून शिवसैनिकांनी उखडली, आणि त्याच मैदानावर २००७ साल उजाडले. समूहाचा स्वभाव जन्मजात नसतो. तो घडविला जातो आणि बिघडविलाही जातो.

घडविण्याचीही उदाहरणे आहेत. ३१ जानेवारी १९९९ रोजी मद्रासला पाकिस्तानने भारताला केवळ १२ धावांनी हरविले. सचिन तेंडुलकरचे १३६ धावांचे झुंजार शतक वाया गेले. तरीही प्रेक्षक उभे राहिले, त्यांनी टाळ्यांच्या गजरात पाकिस्तानी संघाला मानवंदना दिली आणि त्या संघाने मैदानाला फेरी मारून ती स्वीकारली. ९ जून २०१९ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर भारतीय प्रेक्षक स्टीव्ह स्मिथची हुर्यो उडवीत होते, तेव्हा विराट कोहलीने फलंदाजी करता करता त्यांना टाळ्या वाजविण्याची खूण केली. कर्णधाराच्या एका हाताने जे साधते, ते पोलिसांच्या शंभर काठ्यांनी साधत नाही.

हे सभ्यपणाचे चोचले सुशिक्षितांचे आहेत, असेही कोणी म्हणेल. आयर्लंडमधील लिमरिक शहराचे उदाहरण त्यास पुरेसे उत्तर आहे. तेथे रग्बी हा खेळ गोदी कामगारांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांचा आहे. त्या शहराच्या थॉमंड पार्क मैदानावर खेळाडू गोलासाठी चेंडूस लाथ मारण्यास उभा राहिला की हजारोंचा गलका क्षणात थांबतो, मग तो खेळाडू आपला असो वा पाहुणा. रग्बीच्या इतर अनेक मैदानांवर हा संकेत ढासळत असताना लिमरिकने तो अभिमानाने जपला आहे. तेथे कायदा नाही आणि दंडही नाही. तो शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्याकडून मुलाकडे येतो.

आपल्याकडे हे काम कोणी करावयाचे? क्रिकेट मंडळ करील ही आशा मी धरीत नाही. त्याचे लक्ष प्रक्षेपणाच्या हक्कांवर आहे. हे काम शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवरच व्हावे लागेल, कारण उद्या वानखेडेवर बसणारा प्रेक्षक आज तेथे उभा आहे. सामन्यापूर्वी पाहुण्या संघातील प्रत्येकाचे नाव व गाव पुकारावे. ज्याचे नाव कळले, त्याला माकड म्हणणे थोडे अवघड जाते. यजमान कर्णधाराने त्यांना प्रेक्षकांसमोर आणावे. पाहुण्याची चढाई उत्तम झाली तर पहिली टाळी शिक्षकाने वाजवावी. मुले आपल्याकडे पाहत असतात, हे आपण शिक्षकांनी विसरू नये. त्या दिवशी कबड्डीच्या मैदानावर मीही होतो. आरडाओरडा ऐकत मी खुर्चीवर बसून राहिलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना जाब विचारला. जाब विचारण्याची वेळ आदल्या दिवशी, तो मुलगा रेषेपाशी बिचकला तेव्हाच होती.