रंगाखालची चीर

वाचकहो, वाळूत रुतलेली नौका भरतीच्या पाण्यावर पुन्हा तरंगली, की संकट टळले असे मानण्याकडे मनाचा कल असतो. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफीकी’ ही शिडाची नौका अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतत असता उत्तर अटलांटिकात तिची कील निखळली. नौका उलटली व चारही खलाशी प्राणांस मुकले. कील म्हणजे तळाखालचे जड पाते. कलत्या नौकेला तेच सावरते. पूर्वी अनेकदा तळ लागल्याने व त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे तिची बांधणी दुर्बळ झाली असावी, असे ब्रिटिश सरकारी चौकशीच्या २०१५ च्या अहवालात नमूद आहे.

कील खडकावर आदळली की तरफेप्रमाणे वागते. तिचे पुढचे टोक तळापासून सुटू पाहते, मागचे तळात वर घुसते. म्हणून टवका उडाला तेथेच न थांबता सांधा पाहावा. आतील फळ्या उचलून मागच्या टोकाजवळ बारीक चिरा, बोल्टांभोवती गंज वा ओल आहे का, हे निरखावे. तळाला चिकटवलेल्या आतल्या चौकटीवर हातोडीने हलकेच ठोकावे. बद्द आवाज आल्यास चिकटा सुटल्याचा संशय धरावा. मग नौका यारीने उचलावी. कील लोंबकळताना व टेकताना सांध्यातील फट कमीजास्त झाली, तर जाणत्याच्या निर्वाळ्याविना नौका पाण्यात लोटू नये.

पाण्याचे मडकेदेखील आपण वाजवूनच घरी आणतो. मग ज्या सांध्यावर माणसांचे जीव विसंबतात, तो केवळ वरचा रंग शाबूत आहे म्हणून न तपासणे आम्हांस तरी शहाणपणाचे वाटत नाही.