भागीदारी करताय? मग आधी नियम लिहा

भागीदारी मोडली की आपण म्हणतो, "पार्टनरच खोटा निघाला." मला विचाराल तर बऱ्याचदा नियम न ठरवणंच नडतं.

अर्थतज्ज्ञ अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. चौघांचा गट, प्रत्येकाकडे 20 टोकन. हवी तेवढी स्वतःकडे ठेवायची, बाकीची सामायिक कामात टाकायची. टाकलेल्या प्रत्येक टोकनमागे चौघांनाही 0.4 टोकन मिळणार. सगळ्यांनी सगळी टाकली, तर प्रत्येकाला 32. पण तिघांनी टाकली आणि एकाने हात आखडला, तर त्याला 44 आणि तिघांना फक्त 24!

झालं काय? सुरुवातीला लोकांनी बऱ्यापैकी टाकलं. पण फेऱ्या गेल्या तसं योगदान घसरत गेलं. मग नियम बदलला: कोणी किती टाकलं ते बघा आणि स्वतःचे थोडे पैसे खर्चून फुकट्याला दंड करा. लोकांनी पदरमोड करून दंड केला, आणि योगदान वाढलं.

आता तुमच्या धंद्याकडे या. भांडवल कोणाचं किती, दुकानात वेळ कोण किती देणार, गल्ल्यातून उचल किती, ठरलेलं पाळलं नाही तर नफ्यातून वजावट किती, हे पहिल्याच दिवशी लिहा. दर महिन्याला वही सगळ्यांसमोर उघडा.

"घरच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं?" असं वाटेल. पण राबणाऱ्याला एकदा का आपण मूर्ख ठरतोय असं वाटलं, की तोही राबायचं थांबवतो. मग धंदाही जातो आणि नातंही.