घरातला संगणक : कीबोर्ड-माउसचा अबोला

रात्रीचे नऊ वाजलेले. मुलीचा कॉलेज प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरणे चालू आहे. मुदत बारा वाजेपर्यंतच. अर्ज अर्ध्यावर आला आणि पडद्यावरचा बाण एकाएकी अडखळू लागला. कीबोर्डवर चार अक्षरे दाबावीत, तर दोनच उमटतात. वडील माउस तळहातावर आपटून पाहतात. आई म्हणते, ‘‘तरी मी सांगत होते, वायरवालाच घ्या!’’ दुकाने तर केव्हाच बंद झालेली.

बिनतारी कीबोर्ड-माउस असलेल्या घरांत हा प्रसंग कधी ना कधी येतोच. वस्तू बिघडली असे सगळ्यांना वाटते. पुष्कळदा मात्र ती धडधाकट असते. तिचा संगणकाशी असलेला संपर्क तेवढा तुटलेला असतो. तो जोडण्याचा एक क्रम आहे आणि तो घरातल्या कोणालाही जमण्यासारखा आहे.

आधी सेल पाहा

खालचे बटण ‘ऑन’ आहे ना, हे प्रथम पाहावे. मग सेल बदलावेत. एक जुना, एक नवा अशी जोडी घालू नये. सेल पाझरून पांढरी भुकटी जमली असेल, तर सेल काढून ती कोरड्या फडक्याने पुसावी आणि मगच नवे सेल घालावेत. काही कीबोर्डवर १, २, ३ अशा खास कळा असतात. एकच कीबोर्ड संगणक, टॅबलेट आणि फोन यांना आळीपाळीने जोडण्यासाठी त्या दिलेल्या असतात. लहान मुलाने खेळता खेळता ‘२’ दाबले, तर संगणकाशी बोलणारा कीबोर्ड फोनला शोधत बसतो. पुन्हा ‘१’ दाबले की काम झाले.

रिसीव्हरची जागा

संगणकाला नखाएवढा रिसीव्हर लावलेला असेल, तर तो काढून दहा सेकंदांनी दुसऱ्या खाचेत लावावा. शक्यतो पुढच्या बाजूला. हे रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. घरातला वाय-फायही बरेचदा त्याच पट्ट्यात असतो. शिवाय यूएसबी ३.० च्या खाचेतून आणि तिला जोडलेल्या डिस्कमधून निघणारा ‘गोंगाट’ नेमका याच पट्ट्यात पडतो. इंटेल कंपनीनेच २०१२ साली हे दाखवून दिले होते. म्हणून रिसीव्हर आणि हार्ड डिस्क शेजारी शेजारी लावू नयेत.

जोडी जुळवताना

कीबोर्ड आणि रिसीव्हर यांची ओळख कारखान्यातच करून दिलेली असते. म्हणून रिसीव्हर हरवल्यावर शेजाऱ्यांचा आणून लावला, तर सहसा उपयोग होत नाही. काही कंपन्यांनी यावर तोड काढली आहे. लॉजिटेकच्या २००९ मधल्या ‘युनिफाइंग’ रिसीव्हरला त्याच जातीची सहा उपकरणे जोडता येतात. २०२१ मध्ये आलेला ‘बोल्ट’ही सहा उपकरणे घेतो. मात्र या दोन जाती एकमेकींत चालत नाहीत. खरेदी करताना चिन्ह पाहून घ्यावे.

रिसीव्हर नसेल तर कीबोर्ड ब्लूटूथचा समजावा. त्याची जोडणी बिघडल्यास संगणकाच्या सेटिंग्जमधल्या ब्लूटूथच्या यादीतून त्याचे नाव काढून टाकावे, कीबोर्डवरचे जोडणीचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे आणि ‘ॲड डिव्हाइस’ निवडावे. पडद्यावर आकडा आला, तर तो त्याच नव्या कीबोर्डवर टाइप करून ‘एंटर’ दाबावे. अनेकजण इथेच चुकतात. आकडा नुसता वाचतात आणि वाट पाहत बसतात.

एक सावधगिरी मात्र हवीच. टेबलावरच्या संगणकाला एकच माउस असेल आणि त्याचेच नाव यादीतून काढले, तर पुढचे बटण दाबायचे कशाने? म्हणून आधी वायरचा माउस जोडून घ्यावा. लॅपटॉपला ही अडचण नाही. फक्त कीबोर्ड बंद असेल आणि विंडोज पासवर्डपाशी अडले असेल, तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो. माउसने एकेक अक्षर टिपून पासवर्ड भरता येतो.

बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरमध्ये बाहेरच्या माणसाला शिरकाव करता येईल अशा त्रुटी असल्याचे २०१६ मध्ये संशोधकांनी उघड केले होते. जुना संच असेल, तर कंपनीने दिलेली सुधारणा संगणकावर घालून घ्यावी.

आणि त्या रात्रीच्या अर्जाचे काय झाले? सेल नवेच होते, बटणही चालू होते. मग मुलीला आठवले, की वडिलांनी संध्याकाळी लग्नाचे फोटो उतरवण्यासाठी हार्ड डिस्क जोडली होती, ती नेमकी रिसीव्हरला खेटून. रिसीव्हर पुढच्या खाचेत गेला आणि बाण सरळ पळू लागला. साडेदहाला अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी दोन-तीनशे रुपयांचा वायरचा माउस आणून खणात ठेवला. आईच्या सांगण्यावरून, हे वेगळे सांगायला नको!