झाडू बाबांचा आणि झाडू बर्लिनचा

योझेफ बॉइस या जर्मन कलावंताने १ मे १९७२ रोजी पश्चिम बर्लिनमधला एक चौक झाडून काढला. कामगार दिनाची मिरवणूक नुकतीच पांगली होती. गोळा झालेला कचरा झाडूसकट काचेच्या पेटीत गेला आणि कलाकृती ठरला.

अकोल्याच्या शाळेत चित्रकला शिकवताना मी हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास यायचं, "गाडगेबाबा तं हे रोजच करे ना सर, त्याचं काय नवल?" पोरं चेष्टेत म्हणत. मला ते पुरतं पटतं.

शेंडगावचे डेबूजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, १९०५ साली घर सोडून निघाले. गावात शिरले की आधी हातात झाडू, रात्री कीर्तन. कीर्तनात बाबा विचारणार आणि उत्तरं लोकांनी द्यायची : कर्ज काढून सण कशाला? बोकड कापल्यानं देव पावतो का? पाया पडायला कुणी वाकलं की काठी उगारायचे. कलावंत आणि प्रेक्षक यांच्यातली भिंत पाडणं, रोजच्या हलक्या मानलेल्या कामाला कलेत जागा देणं, हे उत्तर-आधुनिक कलेचे गुण म्हणून पुस्तकांत छापलेलं असतं. पूर्णेकाठी ऋणमोचनच्या यात्रेत ते आमच्या आज्या-पणज्यांनी पाहिलेलं आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारने १९७९ साली उत्तर-आधुनिकतेची ओळख सांगितली ती महाकथनांवरचा, म्हणजे प्रगती-मुक्तीसारख्या सर्वांना कवेत घेणाऱ्या कथांवरचा, अविश्वास अशी. तिथे बाबा बसत नाहीत. नवसावर त्यांचा विश्वास नव्हता, शाळेवर मात्र पक्का होता. (बॉइसही तिथे नीट बसत नाही; समाज हेच शिल्प, असं तो म्हणायचा.) बाबांनी कचरा जपला नाही, म्हणून त्यांच्या झाडण्याचं संग्रहालय होत नाही. मला तेच सरस वाटतं.

पेटीत घातलं ते आपण, बाबांनाच. पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, झाडलेल्याच अंगणात साहेब लोक नवाकोरा झाडू धरून फोटोला उभे राहतात. एका ठिकाणी तर आधी पाला आणून पसरलेला मी पाहिला. खऱ्या वस्तूची जागा प्रतिमा कशी बळकावते, यावर फ्रेंच विचारवंत बोद्रियारने पुस्तकं लिहिली. त्याला अमरावती-अकोल्यात साहित्य भरपूर मिळालं असतं.

अमरावतीच्या विद्यापीठाला बाबांचं नाव आहे. तेव्हा वऱ्हाडातल्या कलेच्या वर्गांत बॉइस जरूर शिकवा, पण गाडगेबाबा त्याच्या आधी. संतांचे धडे मराठीच्या पुस्तकात असतातच. इथे ते कलावंत म्हणून येऊ द्या. प्रात्यक्षिक एसटी स्टँडवर ठेवा, मोबाइल वर्गात जमा करून.