परवान्याच्या दोन खिडक्या

सहलीचे नियोजन ही कुटुंबप्रमुखाची डोकेदुखी असून तिचा शासनाशी संबंध फार तर रजेच्या अर्जापुरता असतो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. कोलकात्यात बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या बाबतीत हा समज पहिल्याच हिवाळ्यात मोडीत निघतो. नोव्हेंबर उजाडला की पुण्या-नागपूरहून नातलगांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाला सुंदरबन पाहायचे असते. दीघा, पुरी आणि दार्जिलिंग यांची आद्याक्षरे जुळवून बंगाली माणूस स्वतःच्या पर्यटनप्रेमाची 'दी-पु-दा' अशी थट्टा करतो. पण मराठी पाहुण्याला वाघाचे, त्यातही पोहणाऱ्या वाघाचे, आकर्षण अधिक. (मराठ्यांच्या भीतीने १७४२ मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. त्या मानाने आजचे आमचे आगमन फारच सौम्य म्हटले पाहिजे.)

या सहलीची आखणी मी अनेकदा केली आहे, आणि दर वेळी माझ्यातला प्रशासक माझ्यातल्या यजमानाला गप्प बसू देत नाही. त्यामुळे हा लेख.

प्रथम भूगोल. भारतीय सुंदरबनात १०२ बेटे. त्यांपैकी ४८ वनाखाली आणि ५४ वस्तीची. वस्ती थोडीथोडकी नव्हे, चाळीस लाखांहून अधिक. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प झाला, १९८४ साली राष्ट्रीय उद्यान, १९८७ साली जागतिक वारसा आणि २०१९ साली रामसर स्थळ. इतके सन्मान एकाच चिखलावर क्वचितच कोरले गेले असतील. वाघांची संख्या शंभराच्या आसपास. सियालदहहून लोकल गाडीने कॅनिंग, तेथून रस्त्याने गदखाली आणि पुढे सारा प्रवास पाण्यावरचा: गोसाबा, सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी.

या पाण्यावर सत्ता मात्र अनेकांची आहे. प्रवेशाचा परवाना वन विभागाचा, सजनेखालीचे निवासस्थान पर्यटन महामंडळाचे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे बांध प्रामुख्याने पाटबंधारे विभागाचे, वस्तीच्या बेटांवरील विकासकामे सुंदरबन व्यवहार विभागाची, आणि शिवाय दोन जिल्हा परिषदा. इतकी खाती असूनही एक गोष्ट कोणाच्याच टिपणीत येत नाही. ती म्हणजे भरती-ओहोटी. येथे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, तेही दोन पुरुष उंचीने. सहलीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकायला हवी, आणि आपण मात्र ती शनिवार-रविवार पाहून ठरवतो. ओहोटीला चिखलाचे काठ उघडे पडतात, मगरी ऊन खात पडतात, पक्षी टिपायला उतरतात. भरतीला लहान खाडीत होडी शिरते. उलट, पूर्ण ओहोटीला धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या चढताना साठीच्या काकूंची जी अवस्था होते ती पाहवत नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढणे, अष्टमीच्या सुमाराचे भांग आणि पुनवेचे उधाण यांतला फरक ओळखणे, हे तेथे लहान मुलालाही ठाऊक असते. वेळेचा तो आडाखा पश्चिम किनाऱ्याचा, बंगालच्या खाड्यांत तो जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु पाहुण्यांना तारीख सुचवताना मी आधी पंचांग उघडतो, सुट्ट्यांची यादी नंतर.

नाताळ ते १ जानेवारी या आठवड्यात सुंदरबनला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत एकामागून एक होड्या त्याच तीन-चार मनोऱ्यांकडे जातात, इंजिनांची घरघर आणि शिजणाऱ्या मटणाचा वास खाडीभर पसरतो, आणि वाघ दिसला नाही म्हणून लोक वन विभागाला बोल लावतात. दोष केवळ पर्यटकांचा नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणाच्या निमित्ताने, पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन आणि प्रत्येक प्रकल्पाने आपली धारणक्षमता मोजावी, अशी त्यांत तरतूद आहे. परंतु हा हिशेब मुख्यतः जंगलातला रस्ता आणि त्यावरची जीप डोळ्यांसमोर ठेवून मांडलेला दिसतो. खाडीची रुंदी तासागणिक बदलते. तिची क्षमता भरतीच्या वेळापत्रकाशी जोडून, मार्गनिहाय आणि वेळनिहाय ठरवली, तरच तिला अर्थ राहील. भरतीचे तक्ते वर्ष उजाडण्यापूर्वीच छापले जातात. होड्यांची मर्यादाही तेव्हाच जाहीर करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

मला खरा अस्वस्थ करणारा प्रश्न मात्र वेगळा आहे. ओळखपत्र दाखवून आणि शुल्क भरून पर्यटकाला जंगलात जाण्याचा परवाना सहज मिळतो. त्याच खाडीच्या काठी जन्मलेल्या मच्छीमाराला तो मिळत नाही. सजनेखाली अभयारण्यात पर्यटकांच्या होड्या चालतात, मासेमारीला मात्र मनाई आहे. अन्यत्र मासेमारीसाठी होडीचा परवाना लागतो. ते परवाने मर्यादित, जुने, आणि पुष्कळदा अशा लोकांच्या नावावर, जे स्वतः कधी वल्हे धरत नाहीत. प्रत्यक्ष पाण्यात उतरणारा त्यांच्याकडून परवाना भाड्याने घेतो, अथवा परवान्यावाचून जातो. वाघाने मारले तर परवानगी नव्हती, गाभा क्षेत्र होते, अशी कारणे पुढे येऊन भरपाई अडते. २०२३ साली कोलकाता उच्च न्यायालयाने एका विधवेच्या याचिकेवर गाभा आणि बफर असा भेद न करता पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. एका महिलेला न्याय मिळाला. परंतु प्रत्येकीने उच्च न्यायालय गाठावे, ही काही प्रशासनाची रीत नव्हे.

मत्स्यबीज आणि खेकड्यांवर मर्यादा हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही; वन विभागातील माझे मित्र हा मुद्दा मांडतात तेव्हा तो बरोबरच असतो. पण मर्यादा दोन्ही खिडक्यांवर हवी. एका खिडकीवर मागेल त्याला आणि दुसऱ्या खिडकीवर कोणालाच नाही, याला संवर्धन म्हणणे मला जड जाते.

आपल्याकडे वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या महिलांनी २०१७ साली कांदळवन सफर सुरू केली. होडी त्याच वल्हवतात, तिवराची माहिती त्याच देतात, पैसेही त्यांनाच मिळतात. मांडवी खाडी म्हणजे मातला नदी नव्हे, आणि तेथे वाघही नाही. प्रमाणाचा फरक मी जाणतो. तरीही खाडीवर उपजीविका असणाऱ्यालाच पर्यटनाचा यजमान करता येते, एवढे त्यातून दिसते. सुंदरबनात वाटाड्या स्थानिक असतो, परंतु निवासस्थाने आणि मोठ्या होड्या पुष्कळदा बाहेरच्या भांडवलाच्या. २००६ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची तरतूद झाली असून प्रवेशशुल्क स्थानिक पातळीवर वापरण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. त्या शुल्कातील किती रुपये कोणत्या गावाच्या समितीला गेले, एवढे तिकिटाच्या मागील बाजूस छापावे, अशी माझी सूचना आहे. खर्च शाईचा.

येत्या हिवाळ्यात येणाऱ्यांनी डिसेंबरचा पहिला पंधरवडा अथवा फेब्रुवारी निवडावा, आठवड्यातील मधले दिवस घ्यावेत, आणि बेटावरच्याच कुटुंबाच्या घरी उतरावे. रजा प्रवास सवलतीत होडीचे भाडे मिळत नाही, हे शासकीय बांधवांनी आधीच लक्षात घ्यावे. गोसाब्याला उतरून डॅनियल हॅमिल्टन यांचा बंगला पाहावा. विसाव्या शतकाच्या आरंभी या गृहस्थाने येथे सहकाराचा प्रयोग केला होता. आणि होडीवाल्याला एवढे अवश्य विचारावे की, होडी कोणाच्या नावावर आहे?