स्तन्यकाळातील व्यायाम : आधी आहार

प्रसूतीनंतर वजन घटविण्यासाठी व्यायाम सुरू करून भात-भाकरी सोडणाऱ्या माता आपल्या चिकित्सालयात वरचेवर येतात. स्तन्य हा रसधातूचा उपधातू. आहारच तोडला, तर त्याचे पोषण कशाने व्हावे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेस नेहमीपेक्षा दररोज ६०० किलोकॅलरी अधिक लागतात. तथापि भूक नसता डिंकाच्या लाडवांचा मारा करणे हेही उत्तर नव्हे. त्याने आमच वाढतो. मुगाचे वरण, नाचणीची भाकरी, अळिवाची खीर अग्नी पाहून द्यावी. व्यायाम सुश्रुतोक्त बलार्धच असावा. तोंडाने श्वास घ्यावा लागताच थांबावे. व्यायाम सुचविणाऱ्या वैद्याने त्याच चिठ्ठीवर आधी आहार लिहावा, हे आपले कर्तव्यच होय.